गिअरबॉक्स माझा, मग तो उघडायला परवानगी कोणाची?

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि विषय जरा तेलकट आहे. ह्यूस्टन, केटी, शुगरलँड भागातल्या आपल्या बहुतेक लोकांचा डिझेल ट्रकशी संबंध येतो तो हायवेवर पुढच्यानं काळा धूर सोडला की शिव्या घालण्यापुरता. तरीही वाचा. आज जे माझ्या ट्रकच्या गिअरबॉक्सचं होतंय, ते उद्या तुमच्या कारचं आणि परवा वॉशिंग मशीनचं होणार आहे. काही ठिकाणी झालंही आहे.

मुद्दा सरळ आहे. विकत घेतलेली वस्तू उघडून दुरुस्त करायचा आणि आपल्या कामाला पुरेल एवढी मजबूत करून घ्यायचा हक्क मालकाचा. त्यासाठी लागणारी माहिती, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कंपनीनं रास्त दरात कुठल्याही गॅरेजला द्यायला हवं. ‘आम्हीच करणार, आणि तेसुद्धा अख्खा बदलूनच’ ही दादागिरी आहे. तिला सर्व्हिस म्हणू नका.

माझा लँडस्केपिंगचा छोटा धंदा आहे. डिझेल पिकअप, मागे ट्रेलर, ट्रेलरवर माती उपसायचं यंत्र. ह्यूस्टन सपाट, त्यामुळे इथं काही कळत नाही. ऑस्टिनच्या पलीकडे हिल कंट्रीत काम निघालं आणि चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, वेग मात्र वाढेना. मग गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला आणि जळका वास आला. वॉरंटी कधीच संपलेली. डीलरकडे नेला तर उत्तर तयार: ‘आम्ही ट्रान्समिशन उघडत नाही. नवीन टाकावं लागेल.’ मी विचारलं, बाबा रे, जळलं कशानं? तर म्हणे ते शोधत बसण्यात अर्थ नाही, नवीन येतंच आहे ना!

इथंच माझं डोकं फिरलं. कारण न शोधता नवीन टाकलं तर तोच ट्रेलर, तोच चढ, तेच ऊन. ते पुन्हा जळणारच.

आता थोडं आतलं सांगतो, म्हणजे हा राग कशाचा ते कळेल. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका बाजूचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोरावर दुसऱ्या बाजूचा पंखा फिरतो. दोघांच्या फिरण्यात जो फरक पडतो, त्या घसरण्यातून उष्णता होते. म्हणून कन्व्हर्टरच्या आत एक लॉकअप क्लच दिलेला असतो. तो लागला की दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि घसरणं थांबतं. पण ट्रेलरचं वजन आणि डिझेलचा जोर यांच्यापुढे तो क्लच कमी पडला, तर लॉक होऊनही घसरतो. तेल तापतं, पातळ होतं. क्लच प्लेटा दाबून धरण्याचं कामही त्याच तेलाच्या दाबावर चालतं. दाब अपुरा पडला की प्लेटा घसरतात, तेल आणखी तापतं. एकदा हे चक्र सुरू झालं की काम संपलं. मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा असा की १७५ अंश फॅरनहाइटच्या पुढे दर २० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आणि कंपन्यांची माहितीपत्रकं सांगतात, ‘लाइफटाइम फ्लुइड’! कोणाचं लाइफटाइम? तेलाचं, की वॉरंटीचं?

या दुखण्याला औषध आहे आणि ते कुठल्याही कंपनीच्या मुख्यालयात सापडलेलं नाही. इथल्या ट्रकवाल्यांमध्ये सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. डॉजच्या रॅम पिकअपमध्ये १९८९ पासून कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन आलं. हो, आपल्या कोथरूडचं कमिन्स, तीच कंपनी. सुरुवातीला त्याचा टॉर्क ४०० पौंड-फूट होता, २००५ पर्यंत तो ६१० वर गेला. मागचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र २००७ पर्यंत त्याच घराण्यातला राहिला. नावं बदलली, ४७आरई, ४८आरई, सुधारणाही होत गेल्या, पण मूळ आराखडा १९६२ च्या टॉर्कफ्लाइट ७२७ चा. इंजिन तरण्या बैलासारखं आणि जू आजोबांच्या काळचं.

मग स्वतंत्र गॅरेजवाल्यांनी हे गिअरबॉक्स शेकड्यांनी उघडले. कुठं जळतंय, काय तुटतंय ते बघितलं. लॉकअपला एक क्लच पुरत नाही म्हणून तीन प्लेटांचा कन्व्हर्टर आला. इनपुट शाफ्ट पिळवटून तुटतो म्हणून चांगल्या पोलादाच्या ठोकळ्यातून कातलेला शाफ्ट आला. व्हॉल्व्ह बॉडीत बदल करून तेलाचा दाब वाढवला. ड्रममध्ये जास्त प्लेटा बसवल्या. मोठा कूलर, खोल तेलपात्र, डॅशबोर्डवर तापमानाचा काटा. यातल्या एकाही कामाचा धुराशी संबंध नाही. जे गिअरबॉक्स भंगारात गेले असते, त्यांवर आजही लोक ट्रेलर ओढतायत. हे जमलं, कारण ते उघडता येत होते आणि सुटे भाग मिळत होते.

माझंही काम शेवटी अशाच एका छोट्या गॅरेजमध्ये झालं. त्या माणसानं काळ्या पडलेल्या प्लेटा टेबलावर मांडून दाखवल्या, सुरुवात कन्व्हर्टरपासून कशी झाली ते समजावलं आणि काय काय बदलणार ते आधी लिहून दिलं. स्वस्त पडलं का? नाही. डीलरच्या आकड्याच्या जवळपासच गेलं. ‘दुरुस्ती म्हणजे काटकसर’ असं समजणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्या. तेवढ्याच पैशात एका ठिकाणी मला तोच कमजोर डबा नवा करून मिळाला असता, दुसऱ्या ठिकाणी दुखण्याचं कारण कळलं आणि ते कारणच काढून टाकलं गेलं. हा फरक पैशाचा नाही, मालकीचा आहे.

पण हे माझ्या जुन्या ट्रकचं. नव्या आठ-दहा गिअरच्या ट्रान्समिशनमध्ये पाना पुरत नाही. व्हॉल्व्ह बॉडी बदलली की नव्या भागाचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, मग गाडीला शिफ्ट नव्यानं शिकवावे लागतात. ते सॉफ्टवेअर हातात नसेल तर जगातला उत्तम कारागीरही गाडी लिफ्टवर ठेवून बसतो. पूर्वी कुलूप लोखंडाचं असायचं, आता ते कॉम्प्युटरमध्ये आहे आणि किल्ली डीलरच्या खिशात.

कंपन्यांची उत्तरं ठरलेली. पहिलं: सुरक्षितता. याचा अभ्यास अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे एफटीसीनं केलाय. मे २०२१ मध्ये काँग्रेसला दिलेल्या अहवालात त्यांनी स्पष्ट म्हटलं की दुरुस्तीवरच्या निर्बंधांसाठी कंपन्या जी कारणं देतात त्यांना फारसा पुरावा नाही. दुसरं: ‘बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल.’ १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे. कंपनीचाच भाग वापरा नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट घालायला तो मनाई करतो. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. काउंटरवरचा माणूस ही दमदाटी करतो, कारण आपण विचारत नाही.

तिसरं उत्तर प्रदूषणाचं, आणि इथं मला माझ्याच ट्रकवाल्या दोस्तांशी भांडायचंय. त्यांतले बरेच जण ‘अपग्रेड’ म्हणताना गिअरबॉक्सबरोबर धुराचे फिल्टर काढणं, ट्यूनर टाकणं हेही त्यातच धरतात. पर्यावरण खात्यानं, ईपीएनं, २०२० मध्ये अंदाज दिला होता की आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषणयंत्रणा अशी काढली गेली. हा दुरुस्तीचा हक्क नव्हे. शाळेसमोर काळा धूर सोडणं म्हणजे स्वातंत्र्य, असं म्हणणाऱ्याबरोबर मी उभा राहणार नाही. अशांमुळेच कंपन्यांना आयतं कारण मिळतं आणि प्रामाणिक गॅरेजवाला त्यात भरडला जातो. वर आपल्या टेक्सासमध्ये डिझेल गाड्यांना धुराची वार्षिक तपासणीच नाही! हॅरिस आणि फोर्ट बेंड काउंटीत पेट्रोल गाड्यांना आहे, डिझेलला सूट. ती सूट काढा, असं मी डिझेलवाला असून म्हणतोय.

पण म्हणून कंपन्यांना पर्यावरणाचे राखणदार समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सनं १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. सरकारचा आरोप होता की २०१३ ते २०१९ च्या रॅम पिकअपच्या इंजिनांत प्रदूषणनियंत्रणाला बगल देणारं सॉफ्टवेअर होतं. कंपनीनं चूक कबूल केली नाही, दंड मात्र भरला. क्लीन एअर कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड. म्हणजे ज्या कुलूपबंद सॉफ्टवेअरला हात लावू नका, हवा खराब होईल, असं आम्हाला ऐकवलं जातं, त्याच सॉफ्टवेअरवर हा आरोप. कुलपाचं समर्थन करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

काही हालचाल होतेय. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि परत २०२० मध्ये गाडीदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूनं कौल दिला. कोलोरॅडोनं २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये एफटीसीनं जॉन डिअरवर दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल खटला भरला. पुण्याजवळ सणसवाडीला कारखाना असलेली तीच ही ट्रॅक्टर कंपनी. आणि ‘हे अमेरिकेतलं फॅड’ म्हणणाऱ्यांसाठी: भारताच्या स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण? सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण दुखणं तेच, सातासमुद्रापार.

मागण्या फार नाहीत.

१. प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर आणि मॅन्युअल प्रत्येक गॅरेजला रास्त दरात मिळावं.

२. कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी, प्लेटा सुट्या मिळाव्यात. ‘अख्खंच घ्या’ बंद.

३. ‘लाइफटाइम’ हा शब्द बंद. ट्रेलर ओढणाऱ्यानं तेल किती मैलांनी बदलायचं ते मोठ्या अक्षरात छापा.

४. डिझेललाही धुराची तपासणी.

आणि गॅरेजवाल्यांनो, तुम्हालाही एक. काय बदललं याची लेखी यादी द्या, जुने भाग दाखवा. ‘रीबिल्ट’ म्हणून नुसतं धुऊन रंग मारलेलं ट्रान्समिशन विकणारे तुमच्यातही आहेत. हक्क मागायचा तर कामही तसं हवं.

आता तुमचं काम. वाहनदुरुस्तीच्या हक्काचं रिपेअर अ‍ॅक्ट नावाचं विधेयक काँग्रेसमध्ये २०२२ पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. आपल्या भागाच्या प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करा आणि एवढंच विचारा: साहेब, तुम्ही कोणाच्या बाजूनं? नागरिक नसलात तरी विचारता येतं, कर तर तुम्हीही भरता. जे उत्तर मिळेल ते खाली कमेंटमध्ये लिहा. आपण सगळ्यांची उत्तरं एकत्र मांडू.