प्रतिजैविके कधी थांबवावीत? रक्तचाचणीचा कौल आणि त्याच्या मर्यादा

सेप्सिसच्या रुग्णाला प्रतिजैविके विनाविलंब द्यावीत, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. खरा पेच आहे तो ती केव्हा थांबवावीत, हा. घाईने थांबवली तर संसर्ग उलटण्याची भीती. लांबवली तर औषधांना न जुमानणारे जिवाणू बळावण्याची. ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०१९ या एकाच वर्षात अशा जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले.

हा निर्णय रक्तातील निर्देशकांवर सोपवता येईल काय? सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, कोणत्याही दाहाने वाढते. शस्त्रक्रियेने वा संधिवातानेही. प्रोकॅल्सिटोनिनचा संबंध जिवाणूसंसर्गाशी अधिक निकटचा आहे. संसर्ग आटोक्यात येताच त्याची पातळी साधारणतः दिवसागणिक निम्मी होत जाते.

ब्रिटनमध्ये एनएचएसच्या ४१ अतिदक्षता विभागांतील २,७६० रुग्णांवर झालेल्या ‘अडॅप्ट-सेप्सिस’ चाचणीने या दोहोंची कसोटी घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये ‘जामा’त तिचे निष्कर्ष आले. प्रोकॅल्सिटोनिनच्या आधारे सल्ला दिलेल्या गटात प्रतिजैविकांचा सरासरी कालावधी १०.७ वरून ९.८ दिवसांवर आला. सीआरपीमुळे मात्र तो लक्षणीय घटला नाही. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण प्रोकॅल्सिटोनिन गटात २०.९ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १९.४ टक्के होते. हा फरक आधीच ठरवलेल्या ५.४ टक्क्यांच्या मर्यादेत बसतो, म्हणून ही पद्धत सुरक्षित मानली गेली. तरीही ‘मर्यादेत’ म्हणजे ‘समसमान’ नव्हे, हे विसरता कामा नये.

या चाचणीत डॉक्टरांना आकडा दाखवलाच नव्हता. त्यांना रोज केवळ सल्ला मिळत होता आणि तो डावलण्याची मुभाही होती. म्हणजेच निर्देशकाने निर्णयाला आधार दिला, निर्णय घेतला नाही.

भारतातील आईवडिलांचे अहवाल मोबाइलवर वाचणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी यात बोध आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वा गंभीर दुखापतीनंतर प्रोकॅल्सिटोनिनही संसर्गाविना वाढते. उलट, एखाद्या जागी मर्यादित राहिलेल्या संसर्गात ते कमी दिसू शकते. म्हणून एका लाल आकड्यावरून परदेशातून औषधाचा आग्रह धरण्यापेक्षा डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: आकडा कोणत्या दिशेने चालला आहे आणि प्रतिजैविक थांबवण्याचा विचार केव्हा होणार? औषध सुरू करण्याइतकाच ते वेळीच थांबवणे हाही उपचाराचाच भाग आहे.