स्टॅटिन बंद करण्याआधी

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी ६० जणांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या. हे सगळे ‘सोसत नाही’ म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, सोडून बसलेले. चार बाटल्यांत ॲटोर्वास्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. गोळी खरी की खोटी, हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. महिन्याला एक बाटली संपवायची आणि त्रासाला रोज शंभरपैकी गुण द्यायचे.

२०२० साली निकाल आला. रिकाम्या महिन्यांत त्रास सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४!

याचा अर्थ ही माणसं ढोंग करत होती असा नाही. पाय खरेच दुखत होते. फक्त बहुतेक दुखणं औषधातून नव्हे, गोळीच्या धास्तीतून येत होतं. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. ‘सगळं मनाचं आहे’ असं सांगून कोणी केली नसती. आपल्याकडे मात्र ‘गोळी गरम पडली’ म्हणणाऱ्याला डॉक्टर हसून वाटेला लावतात, आणि तो घरी जाऊन गुपचूप गोळी बंद करतो. स्टेंट बसलेल्या माणसासाठी हे पोटऱ्या दुखण्यापेक्षा कितीतरी महागात पडू शकतं.

तरीही प्रत्येक दुखणं धास्तीचं नसतं. २००१ साली बायर कंपनीला सेरिवास्टॅटिन जगभरातून मागे घ्यावं लागलं. त्याने काही रुग्णांचे स्नायू विरघळून मूत्रपिंडं निकामी झाली, मृत्यूही झाले. जेमफिब्रोझिल हे दुसरं औषध सोबत घेणाऱ्यांना धोका फार मोठा होता.

ही जोडगोळीची गोष्ट आजही लागू आहे. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल आपल्याकडे सर्रास घेतलं जातं, अनेकदा चिठ्ठीशिवाय. ते किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं, की सिम्वास्टॅटिन आणि ॲटोर्वास्टॅटिन यांचं रक्तातलं प्रमाण चढतं. त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाची गोळी माहीत नसते, हृदयाच्या डॉक्टरांना मलमाबरोबरची कॅप्सूल. आणि केमिस्ट दोन्ही एकाच पिशवीत घालून देतो.

म्हणून तक्रार आली की आधी इतर औषधं विचारावीत. थायरॉइड मंदावलं असेल तरी स्नायू दुखतात, त्यामुळे टीएसएच पाहावं, गरजेप्रमाणे स्नायूंची इजा दाखवणारं सीपीकेही. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी काही आठवडे थांबवून पुन्हा द्यावी: कमी मात्रेत, दुसरं स्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन एक दिवसाआड. तेही नाहीच सोसलं, तर इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं वेगळं औषध आहे. लघवी चहासारखी काळसर झाली, अंगात जोरच राहिला नाही, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

साखरेची भीतीही अगदीच खोटी नाही. स्टॅटिनने साखर थोडी वाढते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत काहींना तो लवकर गाठतो. पण एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाचा यात तोट्याहून फायदाच जास्त. जेमतेम वाढलेल्या कोलेस्टेरॉलवर, कुठलाही दुसरा धोका नसताना गोळी सुरू होत असेल, तर रुग्णाने ‘मला नेमकी कशासाठी?’ असं विचारावं. त्याचं उत्तर द्यायला डॉक्टरला पाच मिनिटं लागतील. ती पहिल्याच चिठ्ठीच्या वेळी द्यावीत.