अटलांटिकचे पाणी बुडायचे थांबले तर आपल्या मॉन्सूनचे काय?



‘अटलांटिक महासागरातील प्रवाह बंद पडणार, मॉन्सून संपणार’ असे संदेश अधूनमधून मोबाईलवर फिरतात. पेरणीच्या तोंडावर असे काही वाचले की मन धास्तावते. यात खरे किती आणि आपल्या हंगामाशी संबंध किती, ते पाहू.

पाणी बुडते कसे?

भाताचे बी आपण १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून त्यात बुडवतो. मिठाने पाणी जड होते, म्हणून पोचट बी वर तरंगते. समुद्राचे पाणी याहून थोडे खारट, सुमारे साडेतीन टक्के क्षारांचे असते. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्याखाली पुन्हा हलके होते. समुद्राचे पाणी मात्र उणे १.८ अंशांच्या आसपास गोठेपर्यंत जड होतच जाते. थंडी आणि मीठ दोन्ही जुळले, की वरचे पाणी तळाकडे जाते.

कुठे बुडते?

अशा जागा मोजक्याच आहेत. उष्ण कटिबंधातून उत्तरेकडे गेलेले खारट पाणी ग्रीनलंड व नॉर्वेदरम्यानच्या समुद्रात, इर्मिंगर समुद्रात आणि कॅनडाजवळच्या लॅब्राडोर समुद्रात हिवाळी वाऱ्यांनी थंड होऊन बुडते. पूर्वी लॅब्राडोरचा वाटा मोठा मानला जाई. २०१४ पासूनच्या मोजणीत ग्रीनलंडच्या पूर्वेकडील भागाचा वाटा बराच मोठा दिसला. दक्षिणेत अंटार्क्टिकाजवळ वेडेल व रॉस समुद्रात बर्फ गोठताना मीठ बाहेर पडते आणि तिथले पाणी बुडते.

उत्तरेत बुडालेले पाणी खोलातून दक्षिणेकडे परतते. या चक्राचा वेग सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर आहे. कोयना धरणाचा १०५ टीएमसीचा पूर्ण साठा त्याला तीन मिनिटेही पुरणार नाही.

धोका कोणता?

ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडे पाणी समुद्रात मिसळते. वरचा थर हलका होतो आणि बुडणे मंदावते. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार हे चक्र या शतकात कमजोर होण्याची शक्यता खूप मोठी आहे. मात्र २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही, असे समितीने मध्यम खात्रीने म्हटले आहे. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी शतकाच्या मध्याच्या सुमारास ते कोसळेल असा अंदाज दिला. त्यांनी सांगितलेला काळ २०२५ ते २०९५ असा लांबलचक आहे आणि त्यांच्या पद्धतीवर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

मॉन्सूनशी नाते

उत्तर गोलार्ध थंड झाला की उष्ण कटिबंधातील पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. सुमारे १२,५०० वर्षांपूर्वी हे चक्र मंदावले, त्या काळात आपला मॉन्सून कमजोर होता, असे मेघालयातील मावमलूह गुहेतील चुनखडीच्या थरांतून दिसते. म्हणजे चिंता निराधार नाही. पण ती पुढील दशकांची आहे.

आता काय करावे?

- अशा बातमीवरून यंदाचे पीक किंवा वाण बदलू नका. हंगामासाठी एल निनो, हिंदी महासागरातील तापमानाची स्थिती आणि हवामान विभागाचे अंदाज पाहा.
- ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नका.
- शेततळे, बांधबंदिस्ती व सेंद्रिय कर्ब यांवर केलेला खर्च पाऊस कमी पडो वा जास्त, वाया जात नाही.