कॅमेरा घ्यायचाय? आधी फोन उघडा



गेल्या महिन्यात माझी भाची चार दिवस आमच्याकडे मारतहळ्ळीला राहायला आली होती. (नाव ऐकून इथे मराठ्यांची वस्ती असेल असं वाटणाऱ्यांसाठी: हळ्ळी म्हणजे कन्नडमध्ये गाव. मराठी माणसं इथे आहेत, पण बहुतेक आमच्यासारखीच, नोकरीमागे आलेली.) तिच्या नोकरीला वर्ष झालं, बोनस आला आणि त्यातले ७०,००० रुपये तिने कॅमेऱ्यासाठी बाजूला काढले. चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिने फोन माझ्यापुढे धरला. अकरा कॅमेऱ्यांची पानं उघडी.

"मावशी, यातला कोणता घेऊ?"

मी उत्तर दिलं नाही. उठले, कपाटाच्या वरच्या खणातून एक काळी पिशवी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

तो माझा कॅमेरा. २०१३ साली घेतलेला, ५० पट झूमवाला. तेव्हा मला वाटलं होतं, जितका झूम मोठा तितका कॅमेरा चांगला. चंद्रावरचे खड्डे दिसायचे त्यातून! पण घरात, संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे फोटो दाणेदार आणि हललेले यायचे. पिशवी गळ्यात अडकवून बाजारात जायचा कंटाळा यायचा. हळूहळू तो कपाटात गेला. माझे बाबा २०१९ मध्ये गेले. त्या सहा वर्षांत या कॅमेऱ्यात त्यांचे किती फोटो निघाले असतील? चार. त्यातल्या दोघांत ते पाठमोरे आहेत.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. तो लांबचं टिपायला केलेला होता आणि मला जवळच्या माणसांचे फोटो हवे होते. हे मला दुकानात कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

म्हणून भाचीला म्हटलं, ती अकरा पानं बंद कर आणि तुझ्या फोनमधले शेवटचे १०० फोटो उघड. आपण मोजू. ४१ माणसांचे, २० खाण्याचे, १७ स्क्रीनशॉट, बाकी किरकोळ. पक्षी शून्य. आणि बाईसाहेब बघत होत्या पक्ष्यांसाठीचे लांब झूमवाले कॅमेरे! त्या ४१ पैकी ११ फोटो बिघडलेले होते, आणि सगळे संध्याकाळी घरात काढलेले. मिरजेला तिची आजी, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरात काहीबाही करत असते. आता ती ८१ वर्षांची आहे. फोटोत तिचा चेहरा बरा येतो, पण हात पुसल्यासारखे दिसतात.

तुम्हीही आज हे करून बघा. फोन जिथे हरतो, तिथेच कॅमेऱ्याची गरज असते. फोन कुठेच हरत नसेल, तर पैसे वाचले असं समजा.

आता फोन इथे का हरतो? फोटो उजेडाने बनतो. तो उजेड झेलणाऱ्या चौकोनाला सेन्सर म्हणतात. चांगल्या फोनचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो. कमी उजेडात फोन एकापाठोपाठ बऱ्याच चौकटी टिपतो आणि त्या जोडून एक फोटो करतो. स्थिर वस्तूला हे छान जमतं, पण पोळी लाटणारा हात त्या वेळात हलतो. हौशी कॅमेऱ्यांत सर्रास दिसणारा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे लहानशा टपाल तिकिटाएवढा. फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटरचा. माझ्या झूमवाल्या कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र आजच्या चांगल्या फोनपेक्षाही लहान आहे. एवढा झूम त्या आकारात बसतो तो त्यामुळेच.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. ए-फोर कागदावर उत्तम छपाईला जेमतेम ९ मेगापिक्सेल पुरतात. आज बाजारातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत त्याहून कितीतरी जास्त असतात.

खरा फरक पडतो लेन्सने. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्सवर ३.५ ते ५.६ असे आकडे लिहिलेले असतात. आकडा जितका लहान, तितकी लेन्सची खिडकी मोठी. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या मानाने नऊ-दहा पट उजेड आत घेते. म्हणजे जिथे साधी लेन्स हललेला फोटो देईल, तिथे ही हात गोठवू शकते. हात थरथरला तर सांभाळून घेणारं स्टॅबिलायझेशन असतं, ते उपयोगी आहे. पण ते तुमचा हात सांभाळतं, समोरच्या पळणाऱ्या मुलाला थांबवत नाही. त्याला १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पुरेसा उजेड यायला मोठी खिडकी हवी.

आणखी एक गोष्ट. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेणं म्हणजे एका घराण्याशी सोयरीक करणं. कॅननच्या लेन्स निकॉनला थेट बसत नाहीत, सोनीच्या फुजीला बसत नाहीत. कॅमेरा पाच-सात वर्षांत जुना वाटू लागतो, लेन्स टिकतात. तेव्हा कॅमेऱ्याची किंमत बघताना तुम्हाला लागणारी लेन्स त्या घराण्यात केवढ्याला पडते, तेही बघा. हातात ७०,००० असतील तर सगळे कॅमेऱ्यावर घालू नका.

आपल्याकडचं एक जुनं उदाहरण सांगते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, विमा पॉलिसी तारण ठेवून. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना गाठून विचारपूस केली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला १९१३ मध्ये. पण त्याआधी त्यांनी काय टिपलं? घरातली कुंडी. त्यात वाटाणे पेरून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि महिनाभराची वाढ मिनिटाभरात दाखवली. नाव 'अंकुराची वाढ'. घरातलं, रोजचं, जवळचं.

आम्हीही विकत घ्यायच्या आधी करून बघायचं ठरवलं. बेंगळुरूत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात, पुण्या-मुंबईतही मिळतात. ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते. शनिवार-रविवारसाठी दोन कॅमेरे आणले: एक मोठा, लांब लेन्सचा, एक लहान मिररलेस, ३५ मिलिमीटर एफ १.८ लेन्सचा.

शनिवारी पहाटे सर्जापूर रस्त्यावरच्या कैकोंद्रहळ्ळी तलावावर गेलो. झोळीवाले, बगळे, घारी, सगळे हजर. पोरीने ३०० फोटो काढले. मजा आली, खोटं कशाला बोलू! पण दहा वाजता मान दुखायला लागली आणि मोठा कॅमेरा माझ्या खांद्यावर आला. (घरी परतताना तिने एचएएलच्या बाजूने उडालेल्या विमानाकडे कॅमेरा वळवला, तेव्हा मी थांबवलं. लष्करी विमानतळांच्या आसपास फोटो काढू नयेत, एवढं लक्षात ठेवा.)

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. तिने लहान कॅमेरा उचलला आणि काही न बोलता दारात उभी राहिली. रात्री दोन्ही कार्डं लॅपटॉपवर बघितली. तलावाच्या ३०० मधून तिने सहा ठेवले. स्वयंपाकघरातल्या २० मधून नऊ. एकात माझा पिठाने भरलेला हात परातीवर आपटायच्या क्षणी थांबलेला आहे. हुबेहूब आईचा हात. मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तिने काय घेतलं? मिररलेसच, एपीएस-सी, पण बॉडी सेकंडहँड आणि ३५ ची लेन्स नवी. पैसे उरले. सेकंडहँड घेणार असाल तर शटर किती वेळा चाललंय ते विचारा, लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे आहेत का बघा आणि चार फोटो काढून आपल्या कार्डवर घरी आणा. नवं घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याची खात्री करा. त्याशिवाय स्वस्त मिळालं तर ते स्वस्त नसतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेत.

आणि शेवटची परीक्षा दुकानातच घ्या. कॅमेरा गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभे राहा. रोजच्या पिशवीत घालून बघा. बसला नाही, तर तो कपाटात जाणार.

भाची या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मिरजेला निघाली आहे. आईला मी फोनवर सांगितलं, नात फोटो काढायला येतेय. ती म्हणाली, "मग चांगलं पातळ नेसून बसते."

मी म्हटलं, बसू नकोस. तुझं नेहमीचं काम चालू ठेव.

तुमच्या शेवटच्या १०० फोटोंत काय निघालं, ते मला जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.