जिद्द आणि तिकीट

परवा नातवाने लॅपटॉपवर 'चंदू चॅम्पियन' लावून दिला. २०२४ चा चित्रपट, मुरलीकांत पेटकरांच्या आयुष्यावरचा. संपल्यावर नातू म्हणाला, "आजी, काय जिद्द होती ना!" मी हो म्हटलं खरं, पण रात्री झोप लागेना.

जिद्द हा आम्हा शिक्षकांचा फार लाडका शब्द. फळ्यावरच्या सुविचारात मी तो किती वेळा लिहिला असेल, देव जाणे.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे. सैन्यात गेले, तिथे बॉक्सर म्हणून नाव मिळवलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मग पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं, तेही विश्वविक्रमासह. त्याच महिन्यात सुरू झालेल्या म्युनिक ऑलिम्पिकमधून आपल्या देशाला मिळालं ते हॉकीचं एक कांस्य. तरी पेटकरांचं नाव आम्हाला कुठे ठाऊक होतं? पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी!

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच माणसाबद्दल. पेटकरांना परदेशी स्पर्धांना जायला मदत केली ती विजय मर्चंट यांच्या संस्थेने. माझ्या वयाच्या मंडळींना मर्चंट आठवत असतील, विविध भारतीवरच्या 'क्रिकेट विथ विजय मर्चंट'मुळे तरी नक्कीच. कापडगिरण्यांच्या घराण्यातले उद्योगपती. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली सरासरी ७१.६४, ब्रॅडमनच्या खालोखाल म्हणून आजही सांगितली जाते. १९५१ साली दिल्लीच्या कसोटीत १५४ धावा काढल्या, त्याच सामन्यात खांदा दुखावला आणि खेळ थांबला. पुढे त्यांनी अंध-अपंगांच्या कामाला वाहून घेतलं, ते १९८७ साली जाईपर्यंत.

पेटकरांना पुण्यात टेल्कोत नोकरीही मिळाली. म्हणजे बघा, जिद्द पेटकरांची, पण तिकीट कुणीतरी काढलं, पगार कुणीतरी दिला. गोष्ट सांगताना आपण ही माणसं गाळतो.

हे मला इतकं का टोचलं, तेही सांगते.

१९७३ साली मी शाळेत लागले. वर्गात कोळीवाड्यातला एक मुलगा होता, पोलिओने एक पाय गेलेला. कवायतीच्या तासाला मी त्याला पायरीवर बसवायची, इतरांच्या चपला राखायला. मला वाटे, मी त्याला जपतेय. हाच मुलगा संध्याकाळी भरतीला कुंडलिकेच्या खाडीत असा पोहायचा की धडधाकट पोरं मागे पडत! धक्क्यावर उभी राहून मी स्वतः पाहिलंय, कौतुकही केलंय. पण क्रीडास्पर्धांना नावं पाठवताना त्याचं नाव लिहावं असं एकदाही मनात आलं नाही. आदल्याच वर्षी त्याच्यासारखाच एक जण जगात पहिला आला होता, आणि मी मात्र वर्गात जिद्दीवर निबंध लिहून घेत होते.

कुणी म्हणेल, बाई, जिद्दच नसेल तर तिकिटाचा काय उपयोग? कबूल. पण जिद्द मुलाने आणायची असते आणि तिकीट मोठ्यांनी. मूल आपला वाटा बहुतेक वेळा घेऊन येतं. आपला वाटा द्यायची वेळ आली की आपण त्याला सुविचार देतो. त्याला पैसे पडत नाहीत ना!

सगळ्यांनाच मर्चंट होता येणार नाही. आपल्याकडे ना गिरण्या, ना नाव. पण यादीत एक नाव लिहायला गिरणी लागत नाही. मला तेवढंच करायचं होतं.

तो मुलगा मागे बाजारात भेटला. केस पांढरे झालेत, जाळी दुरुस्त करतो. "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणून पाया पडायला वाकला. माफी मागायला हवी होती, पण चारचौघांत जीभ रेटेना. पुन्हा भेटला की मागेन.

असो. गावी याल तेव्हा कधी शाळेवरून गेलात, तर खेळाच्या तासाला पायरीवर कोण बसलंय तेवढं जरूर बघा.