हॉकिन्ससारखेच का वाजवायचे?

आमच्या घरी सॅक्सोफोन आहे, हे पहिल्या वर्षी मी कॉलेजात कुणालाही सांगितले नव्हते. अण्णा लग्नसराईत बँडमध्ये तो वाजवतात. वरातीपुढे चालत वाजवणाऱ्याला आपल्याकडे कलावंत कोण म्हणतो? कुणी विचारलेच, तर ‘वडील खाजगी नोकरीत आहेत’ असे सांगून मी मोकळा होई.

पुढे याच वाद्याच्या ओढीने मोबाइलवर अमेरिकेतले जाझ ऐकू लागलो आणि टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या दोघांत गुंतलो. एक कोलमन हॉकिन्स, दुसरा लेस्टर यंग. हॉकिन्सचा स्वर भरदार, कंप पावणारा. चालीखालची स्वरसंगती तो एकेक घडी उलगडावी तशी उलगडतो. त्याचे १९३९ सालचे ‘बॉडी अँड सोल’ ऐकावे. मूळ चाल आरंभी जराशी दाखवून तो पुढे निघून जातो, तरी गाणे हरवत नाही. यंगचा स्वर हलका, कंप थोडा. तो मध्येच थांबतो आणि ते थांबणेही गाण्यातच जमा होते. त्याच वर्षीचे ‘लेस्टर लीप्स इन’ याची साक्ष देईल.

१९३४ साली फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात हॉकिन्सच्या जागी यंग आला. सहकाऱ्यांना मात्र हॉकिन्सचाच आवाज हवा होता. हेंडरसनची पत्नी यंगला हॉकिन्सच्या ध्वनिमुद्रिका ऐकवी. यंगने ती जागा सोडली. स्वर सोडला नाही.

हे वाचले आणि मला माझीच आठवण झाली. गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेनंतर मला सांगण्यात आले, “विचार बरे आहेत, पण बोलणे गावाकडचे.” तेव्हापासून मी उसन्या आवाजात बोलत आलो. प्रमाणभाषा शिकू नये, असे मला म्हणायचे नाही. ती मी शिकतोच आहे. पण शिकणे वेगळे आणि नक्कल वेगळी.

काउंट बेसीला हे कळले होते. त्याच्या वाद्यवृंदात हॉकिन्सच्या वळणाचा हर्शेल इव्हान्स होता आणि यंगही होता. १९३७ सालच्या ‘वन ओ’क्लॉक जंप’मध्ये आधी इव्हान्सचा जाड स्वर येतो, मग यंगचा हलका. दोघे वेगळे आहेत म्हणूनच रंगत येते. ड्यूक एलिंग्टनच्या १९४० सालच्या ‘कॉटन टेल’मध्ये बेन वेबस्टर एकटा मनसोक्त वाजवतो, पुढे सारे सॅक्सोफोन एकजुटीने बोलतात. वर्गही असाच का नसावा?

परवा अण्णांना हे सारे ऐकवले. यंग संपल्यावर ते म्हणाले, “ह्यो दम राखून वाजवतुया.” इतक्या दिवसांत मला जे नेमके सांगता आले नव्हते, ते त्यांनी चार शब्दांत सांगितले.

यंदाच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी लिहिले आहे : वादक.