वार्धक्याला आधार कशाचा?

‘आता वय झाले’ हे तीन शब्द आपल्याकडे अनेक घरांत अखेरच्या निकालासारखे उच्चारले जातात. आजोबांची चाल मंदावली, आजींच्या हातून तांब्या निसटू लागला, की त्यांना खुर्चीत बसवून ठेवणे हीच सेवा मानली जाते. प्रत्यक्षात ती अपकारक ठरते.

वार्धक्यातील क्षीणता ओळखण्याचे निकष अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. अकारण घटणारे वजन, थकवा, दुर्बळ झालेली पकड, मंद चाल आणि खुंटलेली हालचाल यांपैकी तीन लक्षणे आढळली, की ती व्यक्ती क्षीण समजावी. अशा वृद्धांना पडण्याचा व परावलंबनाचा धोका अधिक असतो. बसून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात.

या बाबतीत चीनचे उदाहरण उद्बोधक आहे. ‘ताई ची’ ही तेथील जुनी युद्धकला. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सामान्यजनांसाठी तिचा २४ हालचालींचा सुटसुटीत क्रम सिद्ध केला. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार संथपणे एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा. त्यातून पायांत बळ येते, तोल सुधारतो. पुढे ही विद्या प्रयोगाच्या कसोटीवर उतरली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सत्तरी गाठलेल्या ६७० व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताई चीवर आधारित व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण, केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी आढळले.

चीनच्या राजवटीशी आपला संघर्ष असेल. म्हणून त्या समाजाकडून शिकण्यात कमीपणा नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ मध्ये २१ जून हा योग दिन म्हणून स्वीकारला, याचा अभिमान रास्तच आहे. मात्र वर्षातून एक दिवस साजरा केल्याने आजींचा तोल सावरत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले. परंपरेवरील श्रद्धा आणि पुराव्याचा आग्रह एकत्र नांदू शकतात, हा त्यांचा वारसा होय.

तो पुढे चालवायचा, तर प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघात, देवळाच्या सभामंडपात वृद्धांसाठी नियमित वर्ग हवेत. वैद्यांचा सल्ला, जाणता शिक्षक आणि भिंतीचा वा खुर्चीचा आधार एवढे साहित्य पुरे. मातापित्यांना बसायला खुर्ची देणे सोपे आहे. त्याच खुर्चीला धरून त्यांना पुन्हा उभे करणे, हे ऋण फेडण्याचे खरे पाऊल ठरेल.